‘द जनरल’ बंद पडल्यावर: ॲव्हलॉन हिलच्या वॉरगेम-अंकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काहींकडे ॲव्हलॉन हिल या कंपनीचे जुने वॉरगेम, म्हणजे पटावरचे युद्धखेळ, आहेत आणि ते पुन्हा मांडायची इच्छा आहे. काहींच्या हाती ‘द जनरल’ या तिच्या नियतकालिकाचे जुने अंक आले आहेत आणि त्यांचं काय करावं हे ठरत नाहीये. इतिहास थोडक्यात सांगून लवकरच कामाच्या गोष्टींकडे वळलो आहोत.

‘द जनरल’ म्हणजे नेमकं काय होतं?

ॲव्हलॉन हिल ही अमेरिकेत बाल्टिमोरला वॉरगेम छापणारी कंपनी होती. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ स्वतः छापून विकायला काढला आणि १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल सुरू केली. काही वर्षांत कर्ज वाढलं आणि कंपनी घेणेकऱ्यांच्या, म्हणजे मुख्यतः एरिक डॉट यांच्या मोनार्क छापखान्याच्या ताब्यात गेली. कारभार टॉम शॉ यांच्याकडे आला. त्यांच्याच काळात, मे १९६४ मध्ये, ‘द जनरल’चा पहिला अंक निघाला. दर दोन महिन्यांनी एक, वर्षाला सहा अंक. १९७२ पासून दहा वर्षं डॉन ग्रीनवुड संपादक होते आणि त्यानंतर बराच काळ रेक्स मार्टिन. शेवटचा अंक १९९८ चा, ३२व्या खंडातला तिसरा.

हे कंपनीचं स्वतःचं नियतकालिक होतं आणि त्यात मजकूर असायचा तो ॲव्हलॉन हिलच्याच खेळांवर. ही मर्यादा होती खरी, पण अंकाचा कस आला तोही त्यातूनच. वाचकाच्या घरी तोच पट आणि तेच काउंटर (सैन्यतुकड्यांच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या सोंगट्या) आहेत हे लेखकाला ठाऊक असायचं. त्यामुळे ‘स्टॅलिनग्राड’ या खेळातल्या रशियन बचावावरचा लेख कोणत्या नदीमागे कोणता काउंटर कोणत्या हेक्समध्ये (पटावरच्या षटकोनी घरात) उभा करायचा, इथपर्यंत जाऊ शकायचा. सर्वच कंपन्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्या मासिकाला इतकं खोल जाणं परवडत नाही.

ते बंद का झालं? वाचक उरले नव्हते का?

वाचक होते. ऑगस्ट १९९८ मध्ये मोनार्क ॲव्हलॉन या मालक कंपनीने ॲव्हलॉन हिल ही कंपनी हॅस्ब्रोला ६० लाख डॉलरना विकली आणि तिथल्या लोकांना कामावरून कमी केलं. संपादन, चाचणी आणि नियमांचे खुलासे करणारी माणसंच गेल्यावर अंक निघणार कसा? हॅस्ब्रोला हवी होती ती नावं आणि खेळांचे हक्क. थोड्या जाणकार वाचकांसाठी द्वैमासिक चालवणं हा इतक्या मोठ्या खेळणी-कंपनीचा उद्योग नव्हताच.

प्रकृती मात्र आधीपासून ढासळत होती आणि त्याचा पुरावा अंकाच्या क्रमांकातच आहे. १९६४ पासून वर्षाला एक खंड धरला तर ३२वा खंड मे १९९५ मध्ये सुरू व्हायला हवा होता. त्याचा तिसरा अंक आला १९९८ मध्ये, म्हणजे वेळापत्रक जवळजवळ तीन वर्षं मागे पडलं होतं. हे बहुतेक ९०च्या दशकात घडलं. याच काळात संगणकावरचे युद्धखेळ फोफावले, आणि १९९३ पासून संग्राह्य पत्त्यांच्या खेळांनी दुकानातली फळी आणि मुलांच्या खिशातले पैसे दोन्ही व्यापले. कोणतंही वर्गणीचं नियतकालिक पाहताना हा हिशेब करावा. अंकावरचा महिना आणि तो हातात पडल्याचा महिना यांतलं अंतर वाढत चाललं असेल, तर पुढची वर्गणी भरण्याआधी विचार करा.

खेळ घरातच होते, नियमही होते. मग अंक बंद पडल्याने बिघडलं काय?

कोणी विचारला नाही तरी या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न हाच. ‘द जनरल’मधले लेख हा त्याच्या कामाचा एक भाग. बाकीची कामं लेखांपेक्षा मोठी होती आणि ती एकाच दिवशी थांबली.

पहिलं काम प्रतिस्पर्धी शोधून देण्याचं. ‘ऑपोनंट्स वाँटेड’ या छोट्या जाहिरातींत वाचक आपलं नाव, गाव, कोणते खेळ येतात, समोरासमोर खेळणार की पोस्टाने, हे कळवायचे. दोन माणसांशिवाय न होणारा, एका डावाला चार-सहा तास मागणारा आणि गावात एखाद्यालाच ठाऊक असलेला छंद या पानावर जगत होता. मोठ्या शहरातल्या लोकांना क्लब होते, लहान गावातल्या माणसाला हे पान सोडून दुसरं काही नव्हतं. बंद पडण्याची सर्वांत मोठी झळ त्यालाच बसली.

दुसरं काम निवाड्याचं. नियमांत अडलं की कंपनीला पत्र लिहायचं, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं आणि प्रश्न असा घालायचा की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरेल. निवडक उत्तरं ‘क्वेश्चन बॉक्स’ सदरात छापून यायची आणि ती अधिकृत मानली जायची. १९९८ नंतर बहुतेक खेळांसाठी अधिकृत म्हणावं असं कोणी राहिलं नाही. दोन तितक्याच समंजस खेळाडूंनी एका वाक्याचे दोन अर्थ लावले तर फैसला करणार कोण?

तिसरं काम गुणवत्तेच्या क्रमवारीचं. ‘एरिया’ या नावाने खेळाडूंचे निकाल नोंदवून गुण दिले जायचे आणि वरची नावं छापली जायची. चौथं, ‘सिरीज रिप्ले’. दोन चांगले खेळाडू अख्खा डाव चालीगणिक लिहून काढायचे आणि तिसरा तटस्थ जाणकार प्रत्येक चालीवर टिपण द्यायचा. नवख्याला पटाच्या डावीकडच्या त्या दोन काउंटरचं महत्त्व कळायचं ते इथे. अशा एका डावाला किती मेहनत लागते हे पाहिलं, तर हे सदर तशाच शिस्तीने पुढे कुठे फारसं का उभं राहिलं नाही ते समजतं. आमच्या मते भरून न निघालेली हानी कोणती असेल तर ती हीच.

नवे प्रसंग (त्याच खेळात मांडायच्या वेगळ्या लढाया), पर्यायी नियम, कोडं, वाचकांनी खेळांना दिलेले गुण ही आणखी कामं होती. त्यांना पुढे दुसरी घरं मिळाली.

पोस्टाने खेळताना फासे कोण टाकायचं? फसवणूक कशी टळायची?

फासे कोणीच टाकायचं नाही. ॲव्हलॉन हिलच्या पोस्टाने खेळायच्या संचात शेअर बाजाराचा आधार घेतलेला असे. पद्धत अशी:

१. आपली चाल लिहायची. कोणता काउंटर कोणत्या हेक्समध्ये गेला, कोणकोणत्या लढाया आहेत, कोणाची ताकद किती, दोन्ही ताकदींचं प्रमाण किती, सगळं.
२. प्रत्येक लढाईसमोर एका कंपनीच्या शेअरचं नाव लिहायचं आणि पुढची एक तारीख ठरवायची.
३. पत्रावरचा पोस्टाचा शिक्का त्या तारखेच्या आधीचा हवा.
४. त्या दिवशीच्या बाजारात त्या शेअरची जी उलाढाल वर्तमानपत्रात छापून येईल, तिचा शेवटचा अंक हा लढाईचा ‘फासा’.

दोघांनाही तो आकडा बदलता येत नाही आणि दोघांनाही तो पडताळता येतो. भाव न घेता उलाढाल घेण्यामागे कारण आहे. त्या काळी भाव अपूर्णांकांत असायचे, त्यामुळे त्यांचे शेवटचे आकडे सगळीकडे सारखे विखुरलेले नसत.

अडचण गणिताची. अंक ० ते ९ असे दहा, फाशाची घरं सहा. दहा अंकांसाठी निकालाचा वेगळा तक्ता करणं हा एक उपाय. दुसरा सोपा उपाय म्हणजे १ ते ६ आला तर घ्यायचा, ०, ७, ८ किंवा ९ आला तर यादीतला पुढचा शेअर पाहायचा. मात्र शेअरची अशी क्रमवार यादी चाल पाठवण्यापूर्वीच लिहून द्यावी लागते. नंतर शेअर निवडू दिला की खेळ संपला.

डाव बिघडायचे ते तीन ठिकाणी. ठरलेल्या दिवशी बाजार बंद असायचा, म्हणून ‘त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस’ हे आधी लिहून ठेवायचं. दोघांची वर्तमानपत्रं वेगवेगळी असली की छापील आकड्यांत फरक पडायचा, म्हणून एका वर्तमानपत्राचं नाव ठरवायचं. तिसरी अडचण माघारीची. माघार कोणत्या हेक्समध्ये घ्यायची हे समोरच्याने ठरवायचं असेल तर मध्येच आणखी एक पत्र. ते टाळायला ‘माघार घ्यावी लागली तर आधी या हेक्समध्ये, तो भरलेला असेल तर त्या’ अशा सशर्त सूचना चालीसोबत द्याव्या लागत.

वेळेचा अंदाज हवा असेल तर ‘आफ्रिका कोर’ या खेळाचं उदाहरण घ्या. एप्रिल १९४१ ते ऑक्टोबर १९४२, महिन्याला दोन, अशा ३८ फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंचं एकेक पत्र आणि एका पत्राला आठवडा धरला तर ७६ आठवडे, म्हणजे जवळपास दीड वर्ष. इतका काळ अनोळखी माणसाबरोबर डाव टिकवायचा तर तो भरवशाचा आहे हे कुठून तरी कळायला हवं, आणि ‘एरिया’त नाव असण्याला म्हणून किंमत होती.

आज दूरच्या माणसाबरोबर हेच खेळ कसे खेळायचे?

व्हॅसल या मोफत संगणक-प्रणालीवर. तिचा उगमही याच खेळांत आहे. रॉडनी किनी यांनी ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’साठी व्हॅसल-पूर्व ‘व्हीएएसएल’ लिहिली आणि तिच्यातून कोणत्याही खेळासाठी चालणारी व्हॅसल तयार झाली. ॲव्हलॉन हिलच्या बहुतेक नावाजलेल्या खेळांची मॉड्यूल तयार आहेत. मॉड्यूलमध्ये पट आणि काउंटर असतात, नियम नसतात. नियमपुस्तिका तुमची तुम्हाला लागते.

ईमेलने खेळताना:

१. दोघांकडे व्हॅसल आणि मॉड्यूल यांची एकच आवृत्ती आहे ना, ते आधी पाहा. बिघाडाची निम्मी कारणं इथेच सापडतात.
२. दोघांनी आपापली बाजू निवडून वेगळा पासवर्ड ठेवावा, नाहीतर लपलेले काउंटर उघडे पडतात.
३. चालीला हात लावण्यापूर्वी ‘बिगिन लॉगफाइल’ (चालीची नोंद सुरू करा) दाबा. चाल झाल्यावर हे आठवलं तर समोरच्याला फक्त शेवटची मांडणी दिसते, मधली हालचाल दिसत नाही, आणि वाद होतो तो त्या मधल्या हालचालीवरच.
४. लढाईआधी चाटच्या ओळीत प्रमाण आणि भूभाग लिहा, मगच फासा टाका.
५. ‘एंड लॉगफाइल’ करून फाइल पाठवा. नावात फेरी आणि बाजू घाला.

एक कच्चा दुवा लक्षात असू द्या. फासा वाईट पडला म्हणून कोणी नोंद न पाठवता बंद केली आणि चाल पुन्हा सुरू केली, तर समोरच्याला कळायचा मार्ग नाही. मित्रांमध्ये हरकत नसते. स्पर्धेत मात्र फासे एखाद्या ईमेल-सेवेतून टाकावेत, जिचा निकाल दोघांकडे एकाच वेळी जातो. शेअर बाजाराची जुनी पद्धत या बाबतीत अधिक पक्की होती.

नियमांचे खुलासे वेगवेगळ्या अंकांत वेगवेगळे आहेत. कोणता मानायचा?

तीस वर्षांतली उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत हे गृहीत धरा. संपादक बदलले, नियमांच्या आवृत्त्या बदलल्या. पुढचा क्रम बहुतेकांना मान्य होतो. तुमच्या पेटीतल्या नियमपुस्तिकेची आवृत्ती पहिली. तिच्यानंतर छापलेला अधिकृत बदल तिच्या वर. ‘क्वेश्चन बॉक्स’मधलं उत्तर त्याखाली आणि दोन उत्तरांत विरोध असेल तर नंतरचं. लेखात लेखकाने सहज केलेलं विधान हा निवाडा नव्हे, तो लेखक मोठा असला तरी.

सगळ्यात जास्त चूक होते ती आवृत्ती न पाहिल्यामुळे. पहिल्या आवृत्तीवरचा खुलासा दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांना लावला की एकच दुरुस्ती दोनदा होते, कारण ती नव्या पुस्तिकेत आधीच सामावलेली असते. नियमपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचं किंवा शेवटच्या पानावरचं वर्ष पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.

मग स्वतःची खुलासा-वही करा. एका खेळाला एक वही. नियमाच्या क्रमांकाप्रमाणे पानं, प्रत्येक नोंदीसमोर खंड आणि अंक, आणि आपसात ठरवलेल्या गोष्टी वेगळ्या शाईत. मतभेद डाव सुरू असताना निघाला तर फासा टाकून निकाल लावा, डाव पुढे न्या आणि पक्का निर्णय डाव संपल्यावर वहीत लिहा. हरणाऱ्याच्या बाजूने तिथल्या तिथे नियम बदलला की पुढच्या वेळी कोणी खेळायला येत नाही.

कोणते खेळ वाचले, कोणते अडकले?

सर्वांत चांगला वाचला तो ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ (एएसएल). १९८५ चा हा खेळ, त्याच्यामागे संघटित खेळाडू होते. मल्टी-मॅन पब्लिशिंग या छोट्या कंपनीने, जिच्यात बेसबॉलपटू कर्ट शिलिंगही होते, १९९९ मध्ये हॅस्ब्रोकडून परवाना घेतला आणि त्याच वर्षी ‘एएसएल जर्नल’ सुरू केलं. ‘द जनरल’मध्ये येणारे त्या खेळाचे प्रसंग आणि विश्लेषण तिकडे वळले.

‘फॉर द पीपल’ हा ॲव्हलॉन हिलचा अगदी अखेरचा मोठा खेळ. तो जीएमटी या दुसऱ्या वॉरगेम-प्रकाशकाकडे गेला. ‘हॅनिबल’ आधी व्हॅली गेम्सने आणि नंतर फॅलँक्सने काढला, ‘१८३०’ मेफेअरने, ‘द रशियन कॅम्पेन’ एल-टू डिझाइन ग्रुपने. ‘थर्ड राइख’ ॲव्हलांश प्रेसने काढला, पण रचना इतकी बदलून की ‘द जनरल’मधले त्या खेळावरचे डावपेच तिथे लागू पडत नाहीत. पुनर्मुद्रण घेताना हे पाहायलाच हवं. हेक्सचे क्रमांक किंवा काउंटरची ताकद बदलली असेल तर जुने लेख वाचायला छान, वापरायला निरुपयोगी.

अडकले ते मुख्यतः साठच्या दशकातले सोपे खेळ. त्यांच्यासाठी भांडणारा गट नव्हता आणि हक्कधारकाला त्यात पैसा दिसत नव्हता. सुदैवाने ते इतके छापले गेले होते की जुन्या प्रती अजून मिळतात.

क्रमवारी आणि स्पर्धांचं काय झालं?

ॲव्हलॉन हिलचा वार्षिक मेळावा ‘ॲव्हलॉनकॉन’ १९९१ मध्ये सुरू झाला होता. १९९९ पासून तोच ‘वर्ल्ड बोर्डगेमिंग चॅम्पियनशिप्स’ या नावाने बोर्डगेम प्लेयर्स असोसिएशनने चालवला. पुढाकार डॉन ग्रीनवुड यांचाच. ‘एरिया’ची गुणपद्धतही स्वयंसेवकांनी पुढे नेली.

मासिक बंद पडलं तर भरलेली वर्गणी परत मिळते का?

बहुधा नाही, आणि याचा कडू धडा या छंदाने १९८२ मध्येच घेतला होता. ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ हे मासिक १९६७ मध्ये सुरू झालं. १९६९ मध्ये जेम्स डनिगन यांनी ते घेतलं आणि १८व्या अंकापासून प्रत्येक अंकात एक अख्खा खेळ द्यायला सुरुवात केली. त्यांच्या एसपीआय कंपनीने आजीवन वर्गणीदारही जमवले. १९८२ मध्ये पैशाच्या अडचणीतल्या एसपीआयने टीएसआर या दुसऱ्या खेळ-कंपनीकडून मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतलं. टीएसआरने ते लगेच परत मागितलं आणि मालमत्ता ताब्यात घेतली. मासिक चालू राहिलं, पण जुन्या वर्गणीदारांचं देणं मानायला टीएसआरने नकार दिला, आजीवन सदस्यांचंही. वाचक दुखावले, मोठ्या संख्येने तुटले आणि मासिकाला ती पातळी पुन्हा गाठता आली नाही. एसपीआयमधले काही डिझायनर ॲव्हलॉन हिलकडे गेले आणि तिथे व्हिक्टरी गेम्स उभी राहिली.

कारण कायद्यात आहे. नवा मालक नाव आणि हक्क विकत घेतो, जुनी देणी उचलतोच असं नाही. वर्गणीदार हा तारण नसलेला घेणेकरी, रांगेत बराच मागे. म्हणून वर्गणी एका वर्षापुरतीच भरा. ‘आजीवन’ला नाही म्हणा. परदेशी प्रकाशकाला पैसे कार्डाने द्या, म्हणजे अंक आला नाही तर मुदतीत बँकेकडे तक्रार करता येते. आणि अंकात खेळ येत असेल तर वर्गणी आणि सुटा अंक यांच्या किमतीतला फरक पाहा. फरक थोडा असेल तर सुटा अंक बरा.

जुने अंक विकत घेताना काय तपासायचं?

विक्रेत्याला नेमकी ही छायाचित्रं मागा: मुखपृष्ठ, मधलं पान स्टेपलसह, शेवटचं पान आणि सुटी पुरवणी असेल तर ती वेगळी. अंकात बरेचदा मधोमध कापून काढायचा भाग असायचा: स्पर्धेचा फॉर्म, प्रसंगाचं कार्ड, तक्ता. ‘कव्हर छान’ एवढ्यावर घेतलेल्या अंकातून नेमकं तेच गायब असतं. दुसरं म्हणजे कोड्याच्या पानावर पेनाने उत्तर लिहिलेलं असतं. संग्रहासाठी ते उणं, वापरासाठी काहीच फरक पडत नाही.

अमेरिकेतून भारतात मागवताना एकेक अंक मागवू नका. टपाल अंकापेक्षा महाग पडतं. तुमच्या खेळांवरच्या अंकांची यादी करून एकाच विक्रेत्याकडून गठ्ठा घ्या आणि तो दोन बाजूंना कडक पुठ्ठा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला सांगा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे अंक कसे टिकवायचे?

पहिला शत्रू स्टेपल. लोखंडी स्टेपल दमट हवेत गंजतो आणि गंज कागदात उतरून मधलं पान सुटतं. गंज दिसला की आतल्या बाजूने बोथट पात्याने स्टेपलचे पाय सरळ करून तो काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने अंक शिवा. नवा स्टेपल मारू नका.

प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीशी आम्लमुक्त पुठ्ठा, आणि सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात उभे. पीव्हीसीची मऊ पिशवी नको, ती शाई ओढून घेते. २० लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी वाळवायचं ते कळतं. नारिंगी जातीचं १२० अंशांवर दोनेक तासांत कोरडं होतं. निळ्या जातीत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. डब्यात डांबरगोळ्या ठेवायची सवय मोडा. त्यांच्या वाफेने प्लास्टिक चिकट होतं आणि वास कागदातून कधी जात नाही. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य.

खेळांचे पट आडवे ठेवा. घडीवरचा कागद फाटू लागला तर मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ लावावी, पट उघडा ठेवून वजनाखाली वाळवावा.

अंक स्कॅन करून वाटले तर चालेल का? कंपनी तर राहिली नाही.

कंपनी विकली गेली म्हणजे हक्क संपले असं होत नाही, ते नव्या मालकाकडे जातात. अमेरिकेत १९६४ ते १९७७ या काळात रीतसर हक्कसूचनेसह छापलेल्या अंकाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. १९६४ चा अंक म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. स्वतःच्या अभ्यासासाठी स्वतःच्या प्रतीची नक्कल ठेवणं वेगळं आणि ती सर्वांना वाटणं वेगळं. भारतीय कायदाही खासगी वापराला सवलत देतो, वितरणाला नाही.

स्वतःसाठी करायचं तर मजकुराला ३०० डीपीआय, काउंटर आणि नकाशांना ६००. अंक काचेवर दाबून पाठ मोडू नका. पान ९० अंशांवर उघडून एकेक बाजू घ्या.

हरवलेले काउंटर कसे बनवायचे?

नेहमीचा काउंटर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. इथे पहिली चूक प्रिंटरवर होते. अमेरिकन फाइल लेटर कागदासाठी असते, २१५.९ मिमी रुंद. आपला ए-फोर २१० मिमी. ‘फिट टू पेज’ राहिलं की सगळं साधारण ९७ टक्क्यांवर येतं. एका काउंटरला फरक कळत नाही, पण १४ काउंटरच्या ओळीत जवळपास ५ मिमी जातात आणि पाठपोट जुळत नाही. नेहमी १०० टक्के, आणि कापण्यापूर्वी पट्टीने १० काउंटर मोजा: १२७ मिमी यायलाच हवेत.

ए-फोरवर चारी बाजूंना १० मिमी समास सोडून १४ गुणिले २१, म्हणजे २९४ काउंटर बसतात. मागच्या बाजूची ओळ डावी-उजवी उलटी मांडा. १०० जीएसएमचा कागद, १.५ मिमीचा बाइंडिंगचा पुठ्ठा आणि ग्लू स्टिक किंवा स्प्रेचा गोंद. फेव्हिकॉलसारखा पाण्याचा गोंद पुठ्ठा वाकवतो, कारण ओली झालेली बाजू आधी फुगते आणि मग आकसते. तोच वापरायचा असेल तर दोन्ही बाजू एकापाठोपाठ चिकटवा आणि २४ तास जड पुस्तकांखाली ठेवा. बाजू जुळवायला समासात चार कोपऱ्यांना टाचणीने भोकं पाडा.

कापताना स्टीलची पट्टी, नवं पातं, हलक्या हाताने चार-पाच वेळा. एकाच जोरात कापलं तर पातं तिरकं जातं आणि काउंटरची खालची बाजू मोठी होते. कोपरे नेलकटरने दीड-दोन मिमी छाटा. हे शोभेसाठी नाही. टोकदार कोपरे थरांत अडकतात, काउंटर उचलताना शेजारचा ढिगारा हलतो आणि मांडणी बिघडते.

‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’मध्ये तोफा आणि रणगाड्यांचे काउंटर पाच-अष्टमांश इंचाचे, १५.९ मिमी, असतात. ते अर्ध्या इंचाच्या पानात मिसळू नका.

आता वाचायला काय आहे?

‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ १९९१ पासून डिसिजन गेम्सकडे आहे, अंकात खेळासह. जीएमटीच्या खेळांसाठी १९९२ पासूनचं ‘सी-थ्री-आय’, रॉजर मॅकगोवन यांनी सुरू केलेलं. ‘एएसएल जर्नल’ वर आलंच. लघुप्रतिमांनी, म्हणजे छोट्या सैनिक-मूर्तींनी, खेळणाऱ्यांसाठी ब्रिटनमधलं ‘वॉरगेम्स इलस्ट्रेटेड’, १९८७ पासूनचं. अनोळखी प्रतिस्पर्धी गाठून देणं हे काम आता संकेतस्थळांकडे गेलं आहे, त्यामुळे छापील अंक निवडताना तो एकाच निकषावर निवडा: तुमच्या टेबलावरच्या खेळावर त्यात मजकूर येतो का.

माझ्याकडे एकच खेळ आहे. ‘द जनरल’चे कोणते अंक आधी शोधू?

अंकांचं मुखपृष्ठ आणि मुख्य लेख बरेचदा एकाच खेळाला वाहिलेले असायचे. आपल्या खेळाचा तो मुख्य अंक पहिला शोधा. दुसरा शोधा तो ‘सिरीज रिप्ले’ असलेला. पट मांडून, काउंटर हलवत, टिपणं वाचण्यापूर्वी पुढची चाल स्वतः ठरवत तो डाव खेळा. नियमांचे खुलासे असलेले अंक तिसरे. पर्यायी नियमांचे अंक अगदी शेवटी, कारण मूळ खेळ दोन्ही बाजूंनी चार-पाचदा खेळून झाल्याशिवाय त्या बदलांनी नेमकं काय सुधारलं ते कळत नाही.